सटवाजी मिस्तरींचा कान

गोरेगावच्या स्टँडवर उतरून सटवाजी मिस्तरींचं दुकान विचारलं, तर सांगणारा आधी स्वतःच्या कानाला बोट लावतो आणि विचारतो, "कानवाले का?" आपण हो म्हणायचं. मग तो हिंगोलीच्या रस्त्याकडं हात करतो. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लिंब आणि त्या लिंबाखाली ऑइल सांडून सांडून काळीभोर झालेली जमीन. पाटी नाही. तीस वर्षांत पाटीवाचून कुणाचं अडलं नाही.

हा कान काही देवानं वेगळा घडवून दिलेला नव्हता. सटवाजी नांदेडला उस्तादाकडं कामाला लागले, तेव्हा उस्तादानं त्यांच्या हातात पाना दिलाच नाही. दीड फुटी पेचकस दिला. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. वर्षभर हेच. बाकीचे खोलायला-जोडायला शिकले, सटवाजी ऐकायला शिकले. पुढं गोरेगावात दुकान टाकल्यावर या विद्येचा असा बोलबाला झाला की विचारू नका. मोबाइल आल्यावर तर कहरच. जिंतूरच्या घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हर फोन लावायचा, फोन इंजिनापाशी धरायचा, आणि इकडं सटवाजी भाकरी मोडता मोडता सांगायचे, "तीन नंबरचा नोजल टपकून राहिला. बदल त्याला." आणि इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या त्या नोजलांत दोष तीन नंबरचाच निघायचा. दुसरा एखादा मिस्तरी नट सैल करून डिझेल येतं का ते बघायला लागला, की सटवाजी मिशीत हसायचे. "खोलून बघाया मी काय नवशिका हाय का?" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की अर्ध्या गावाला ते पाठ होतं.

तोच कान तीन वर्षांपूर्वी दगा द्यायला लागला.

आधी पाखरांचा आवाज गेला. मग फोनची घंटी, मग नातीचं, आरोहीचं बोलणं. ती बारीक आवाजात काहीतरी सांगायची आणि सटवाजी नुसतं हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्मभर इंजिनाशेजारी काढलात, त्यात बारीक आवाज आधी जातात, आता मशीन लावा. सटवाजी "बघू" म्हणाले आणि उठले. कानवाल्या मिस्तरीच्या कानात मशीन! लोकांनी टाळ्या देऊन हसून घेतलं असतं. घरी मंजुळाबाईंना तेवढं माहीत होतं. बाहेर कळू द्यायचं नाही, हे नवरा-बायकोत न बोलताच ठरलं.

न कळू देणं ही पण एक विद्याच असते आणि तीही सटवाजींनी मन लावून शिकून घेतली. बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायचं. डावा कान जरा बरा, म्हणून माणूस डाव्या हाताला येईल असं उभं राहायचं. चारजण हसले की आपणही हसायचं. काहीच कळलं नाही तर मान हलवून "व्हय" म्हणायचं. दहातल्या आठ वेळा ते चालून जातं. इंजिनाचं काम त्यांनी बोटांवर निभावलं. नोजलला जाणाऱ्या नळीवर दोन बोटं ठेवली की आतलं डिझेल नाडीसारखा ठोका देऊन जातं, तेवढ्यावर बरंच कळतं. पेचकस कानाला लावायचा तो फक्त लोकांसाठी. पण ज्या गोष्टीचं लोक कौतुक करतात ती आपल्याकडं उरलेली नाही आणि तरी आपण तिच्याच नावावर खातो आहोत, हे रोज सकाळी दुकान उघडताना त्यांना आठवायचं आणि लाज वाटायची.

अशात एप्रिल महिन्यात प्रेमसिंग राठोडांचा फोन आला. गोरेगावपासून पाच-सहा किलोमीटरवर त्यांचा तांडा. घरची जमीन बरी, शिवाय दारात एक वीस वर्षांची जुनी ट्रक. हळदीच्या हंगामात ही ट्रक कुरुंद्याकडून वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहायची. "मिस्तरी, गाडी सेल्फ बराबर घेऊन राहिली, पर चालू होईना. ऐका बरं," असं म्हणून प्रेमसिंगांनी फोन इंजिनापाशी धरला. सटवाजींना नुसती खरखर ऐकू आली.

"फोनवर न्हाई," ते म्हणाले. "मी येऊनच बघतो."

कानवाले मिस्तरी स्वतः येणार, या बातमीनं तांड्यात केवढं वजन आलं प्रेमसिंगांना! सटवाजी मोटारसायकलवरून उतरले तेव्हा ट्रकभोवती वीस-पंचवीस माणसं जमलेली होती. प्रेमसिंगांचा पुतण्या देविदास मोबाइल उभा धरून तयारच होता. कान लावून गाडीचं दुखणं सांगणाऱ्या मिस्तरीचा व्हिडिओ त्याला करायचा होता.

ट्रकचा ड्रायव्हर थावरा बोनेटपाशी उभा होता. हा प्रेमसिंगांचा मेव्हणा, त्यांच्या बायकोचा, जिवनबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. चाळिशीतला, मोजकं बोलणारा. बारा वर्षं हीच गाडी त्याच्या हाताखाली. गाडी धुताना तो तिच्याशी बोलतो, असं म्हणून लोक त्याला चिडवायचे.

"मिस्तरी," तो म्हणाला, "बंद पडायच्या आधी चार-पाच दिस गाडी चढाला दम टाकत व्हती. धूर बी लई काळा..."

"थांब रे थावरा," सटवाजींनी हात वर केला. "गाडीला तोंड हाय. ती सांगती मला. तू काहून तकलीफ घेतो?"

लोक हसले. देविदास जास्तच हसला. थावरानं गळ्यातल्या दस्तीनं तोंड पुसलं आणि जरा थांबून परत म्हणाला, "डिझेलचा फिल्टर मी नवा घातला. नळीतली एअर बी काढली. पर मिस्तरी, त्या धुराचं जरा..."

"मार सेल्फ," सटवाजी म्हणाले.

थावरा केबिनमध्ये चढला. चावी फिरली. इंजिन घर्र घर्र करत जोरात फिरायला लागलं, पण पेट घेईना. सटवाजींनी पेचकसाचं टोक पहिल्या नोजलवर टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले.

डिझेल नोजलपर्यंत पोचलं, की फवारा उडताना एक बारीक आवाज होतो. तो आला तर पंप चांगला, दोष दुसरीकडं. आला नाही तर डिझेलच येत नाही, म्हणजे बहुतेक पंप गेलेला. साधा हिशोब. नळीवर दोन बोटं ठेवली असती तरी निकाल लागला असता. नट सैल केला असता तर सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं असतं. पण समोर देविदासचा मोबाइल होता, आणि पेचकस कानाला लावून डोळे मिटलेले सटवाजी फार छान दिसत होते. त्यांनी पहिला नोजल ऐकला, दुसरा ऐकला, सहाही ऐकले. कानात त्यांना सेल्फची जाडी घरघर तेवढी आली, आणि तीन वर्षांपासून आत बसलेली एक शिट्टी.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या जिवनबाई दहा पावलांवर उभ्या होत्या आणि त्यांच्या सरळ नजरेसमोर होत्या, म्हणून त्यांचे ओठ सटवाजींना नीट वाचता आले.

"पाल चुकचुकून राहिल्यावाणी वाजतंय न्हाई का ते?" जिवनबाई म्हणत होत्या.

पुरुषमाणसं हसली. "घ्या, आता जिवनबाई बी मिस्तरी झाल्या," कुणीतरी म्हणालं. सटवाजीही हसले, कारण सगळे हसत होते. मग अर्थ ध्यानात आला. पाल चुकचुकावी तसा आवाज, म्हणजे तोच फवाऱ्याचा आवाज. सहाही नोजल वाजत होते. दहा पावलांवरून एका बाईला ते ऐकू येत होतं, आणि पेचकस कानाला लावलेल्या कानवाल्या मिस्तरीला येत नव्हतं.

खरं सांगायचं तर इथंच ही गोष्ट संपायला हवी होती. "जिवनबाई बराबर म्हणून राहिल्या" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम. पण ते चार शब्द बोलले तर पाचवा प्रश्न येणार होता, तुमाला काहून ऐकू आलं न्हाई? त्या प्रश्नाला सटवाजी तीन वर्षं घाबरत आले होते. त्यांनी पेचकस खाली घेतला आणि जाहीर केलं, "पंप गेलाय."

"पंप?" प्रेमसिंग चमकले. "अवो, दोन सालामागं तर करून घेतला. इतक्यात काहून गेला?"

खोटं एकदा बोललं की त्याला टेकू द्यावा लागतो. सटवाजींनी फार विचार केला नाही. तोंडाला आलं ते बोलून गेले. "दोन नंबरचं तेल पोटात गेलं की असंच होतंय, भाऊ."

दोन नंबरचं तेल म्हणजे रस्त्याकडेला कॅनमधून मिळणारं. त्यात काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. एखादा ड्रायव्हर ते टाकीत भरतो, मालकाला चांगल्या डिझेलची पावती दाखवतो आणि मधलं आपल्या खिशात घालतो. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि या गाडीत डिझेल कोण भरतो हेही प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्या माना एकदम केबिनकडं वळल्या.

थावरा खाली उतरला. "न्हाई दाजी," तो प्रेमसिंगांना म्हणाला. "सेवालाल महाराजाची आन. एक डाव बी न्हाई. मिस्तरी, तुमी एकदा नट ढिला करून तर बघा. डिझेल येतं का न्हाई ते..."

"खोलून बघाया मी काय नवशिका हाय का?" सटवाजी म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं. पण थावराच्या चेहऱ्याकडं त्यांना बघवेना. ते पेचकसाचं टोक फडक्यानं पुसत राहिले. पुसायला त्यावर काहीही नव्हतं.

प्रेमसिंगांनी हात पुढं केला. बारा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसासमोर असा हात पसरला की त्याला शिवी द्यावी लागत नाही. थावरानं खिशातून चावी काढली. ती त्यानं दाजींच्या हातावर ठेवली नाही, मडगार्डवर ठेवली, आणि माणसांमधून वाट काढत निघून गेला. जिवनबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, मग मिस्तरींकडं बघितलं. हातातला तांब्या तसाच घेऊन त्या घरात गेल्या. सटवाजींना त्या दिवशी तांड्यात कुणी पाणी दिलं नाही, आणि मागायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

पंप खोलून, पोत्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी त्यांनी तो हिंगोलीला नेला. तिथं पंप तपासणारा मुन्ना त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं पंप मशीनवर चढवला, फिरवला, सहाही नळ्यांतून पडणारं डिझेल बघितलं आणि काहीतरी म्हणाला. सटवाजींनी मान हलवून "व्हय" म्हटलं.

"चाचा, हां क्या बोल रहे हो?" मुन्ना मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या दुकानातल्या दोघांनी वळून बघितलं. "इसमें कुछ भी खराबी नहीं है। एकदम टकाटक है। तेल भी साफ था, ये देखो, अंदर आईने जैसा चमक रहा है।"

सटवाजींनी वाकून बघितलं. आतले भाग खरंच चकचकत होते. भेसळीचं तेल एकदा जरी गेलं असतं तरी त्यांच्यावर ओरखडे दिसले असते.

"किसने बोला पंप गया?" मुन्नानं विचारलं.

आणि सटवाजी मिस्तरी, वय अठ्ठावन्न, चुलीशी शेकणाऱ्या म्हाताऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत ज्यांना कानवाले म्हणून ओळखतात ते, म्हणाले, "हाय एक मिस्तरी आमच्याकडं. नवा हाय जरा."

मुन्ना हसला. "उसको बोलो, पहले नट खोल के देखा कर।"

"सांगतो," सटवाजी म्हणाले.

गोरेगावला परतताना जीपमध्ये दाटीवाटीनं माणसं बसली होती. सटवाजींच्या मांडीवर तो पंप होता. चांगला पंप आणि साफ तेल. म्हणजे थावरा निर्दोष, हे आता जगात दोघांना माहीत होतं, एक थावरा आणि दुसरे आपण. त्यातल्या एकाचं कुणी खरं मानत नव्हतं आणि दुसरा तोंड उघडत नव्हता. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ओळखीचा माणूस समोर बसला होता त्याच्याशीही ते बोलले नाहीत. त्याला वाटलं, मिस्तरी कसल्या तरी विचारात आहेत.

जेवताना त्यांनी मंजुळाबाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पंप चांगला निघाला एवढं. थावराची चावी गेल्याचं मंजुळाबाईंना गावातून आधीच कळलं होतं. मंजुळाबाईंनी ताटात भाजी वाढली आणि समोर बसून, त्यांना वाचता येईल असं सावकाश विचारलं, "मंग त्या थावराचं काय करनार?"

सटवाजींनी पाण्याचा पेला उचलला आणि, "भाजीत मीठ जरा कमी पडलंय," असं म्हणाले. मंजुळाबाईंनी मीठ आणून ठेवलं. परत काही विचारलं नाही. त्यांनी न विचारणं सटवाजींना जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते तांड्यात गेले आणि पंप बसवायला लागले. या वेळी गर्दी नव्हती; सगळे शेतात. हात काम करत होते आणि डोक्यात थावराचं बोलणं घोळत होतं. चढाला दम टाकत होती. धूर काळा येत होता. डिझेल आहे आणि धूर काळा, म्हणजे गाडीला हवा कमी पडते, हे नांदेडच्या उस्तादाकडं पहिल्या महिन्यात शिकवलं जायचं. सटवाजींनी पाना ठेवला आणि हवेचा फिल्टर उघडला.

या जुन्या गाड्यांचा हवेचा फिल्टर म्हणजे तळाशी ऑइल भरलेलं एक भांडं, वर जाळी. बाहेरची हवा ऑइलवरून जाते, धूळ ऑइलात बसते. भांडं उघडलं आणि सटवाजी बघतच राहिले. आत ऑइल नव्हतंच. पिवळाजर्द, घट्ट गोळा होता, वरपर्यंत. जाळीचं एकेक भोक लिंपून गेलं होतं.

कुरुंद्याला पॉलिशच्या ड्रमात वाळलेली हळद फिरवतात, तेव्हा उडणारी भुकटी गावावर पिवळ्या धुक्यासारखी असते. पोती भरेपर्यंत ट्रका तिथंच रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात. महिनाभर गाडीनं ती हळद नाकानं ओढली होती, आणि ऑइलात कालवून कालवून तिचं उटणं झालं होतं. हे कुणाला वरून दिसणार कसं? एप्रिलात या मुलखात गाडी पिवळी, माणूस पिवळा, रस्ताही पिवळा. पण थावरानं सांगितलं होतं. ऐकलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

सटवाजींनी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते त्यांना पुढं कितीही दिवस आठवलं तरी मान खाली जायची. त्यांनी तो पिवळा गोळा हातानं खरवडून काढला, कुंपणापाशी बाभळीखाली खड्डा उकरला, त्यात टाकला आणि पायानं माती लोटली. भांडं आणि जाळी डिझेलनं धुतली, नवं ऑइल भरलं, झाकण लावलं. हात धुतले तरी पिवळेच राहिले. साबण झाला, डिझेल झालं, माती झाली. हळद नखांत जाऊन बसली होती. लग्नाच्या नवऱ्यासारखे हात घेऊन ते केबिनमध्ये चढले, चावी फिरवली, आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली.

आवाज ऐकून प्रेमसिंग शेतातून धावतच आले. त्यांनी सटवाजींना मिठी मारली. "मानलं मिस्तरी! पंप असा बनवला की नव्यापरीस बरा!"

"व्हय," सटवाजी म्हणाले.

एवढ्यावर प्रेमसिंग थांबले असते तर कदाचित सटवाजीही थांबले असते. जन्मभर ते ओझं घेऊन फिरले असते, आणि फिरणारे पुष्कळ आहेत. पण प्रेमसिंग मोठ्या मनाचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं गाडीची पूजा ठेवली, आणि मिस्तरींना निरोप धाडला की तुमचा दस्ती-टोपी देऊन सत्कार करायचाय, बाईसाहेबांना घेऊन या. मंजुळाबाई म्हणाल्या, "मी न्हाई येत. तुमी जावा." सटवाजी एकटेच गेले.

ट्रकला झेंडूची माळ होती. केबिनमध्ये पुसेगावहून आणलेला नवा ड्रायव्हर बसला होता. सगळा तांडा जमला होता. जिवनबाई बायकांत मागं बसल्या होत्या, आणि थावरा लांब, देवळाच्या कोपऱ्याशी, भिंतीला टेकून उभा होता. तांडा त्याचाही, येऊ नको कोण म्हणणार? पण त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा होती.

प्रेमसिंगांनी नारळ दिला, गळ्यात दस्ती घातली, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. मग सगळ्यांकडं वळून बोलले, आणि ते इतक्या खड्या आवाजात बोलले की सटवाजींनाही कळलं. "घरचा माणूस बेइमान निघाला, पर मिस्तरीनं गाडी बी वाचिवली आन आपले डोळे बी उघडले!" टाळ्या पडल्या. देविदास मोबाइल धरून पुढं सरकला.

सटवाजींनी टोपी काढली.

"भाऊ," ते म्हणाले, "पंप चांगला व्हता. तेल साफ व्हतं." आपला आवाज केवढा निघतोय ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते ओरडूनच बोलत होते. "हवेच्या फिल्टरात हळद दाटली व्हती. ती मी काढली आन त्या बाभळीखाली पुरली, कुनाला दिसू नये म्हणून. नोजल वाजत व्हते. जिवनबाईला ऐकू आले. मला न्हाई आले. मला तीन सालापासून ऐकू येत न्हाई. ते कळू नये म्हणून मी पंपाचं नाव घेतलं, आन पंपाचं खरं वाटावं म्हणून थावराचं."

मग मागं कुठंतरी कुणीतरी हसलं; सटवाजींना खांदे हलताना दिसले. देविदासनं मोबाइल खाली घेतला नव्हता. म्हणजे हे आता संध्याकाळपर्यंत सेनगावापर्यंत जाणार, कानवाले मिस्तरी बहिरे. सटवाजींचा चेहरा तापून लाल झाला. तीस वर्षांत मिळवलेलं नाव डोळ्यांदेखत जाताना दिसत होतं, आणि तरी त्या लाजेच्या आत कुठंतरी त्यांना हलकंही वाटत होतं. चला, सांगून टाकलं. चूक कानाची होती, कान गेलेल्या माणसाला लोक माफ करतात.

प्रेमसिंग ट्रककडं गेले. मग त्यांनी नव्या ड्रायव्हरला खाली उतरवलं, चावी घेतली आणि थावराला हाक मारली. थावरा आला. दाजींनी दोन्ही हातांनी चावी पुढं केली. त्यानं ती घेतली, पण गाडीकडं गेला नाही. सटवाजींपुढं येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून काहीतरी बोलला. मिशा दाट, मान खाली, ओठ दिसेनात.

सटवाजी हसले आणि मान हलवून "व्हय, व्हय" म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूला दुसरं कुणीही हसत नव्हतं. प्रेमसिंग दुसरीकडं बघत होते. जिवनबाईंनी पदर तोंडावर ओढला होता. सटवाजींचं हसू तोंडावरच थिजलं. तीन वर्षांत जे एकदाही कुणाला म्हटलं नव्हतं, ते त्यांनी म्हटलं, "परत बोल, थावरा. मला ऐकू आलं न्हाई."

थावरा त्यांच्या डाव्या बाजूला आला, कानाशी वाकला आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मी म्हणलं, मिस्तरी, कानाला दोष देऊ नका. काळ्या धुराचं मी दोनदा सांगितलं, ते तुमाला बराबर ऐकू आलं व्हतं. तुमी ऐकून घेतलं न्हाई."

"व्हय," सटवाजी म्हणाले. या वेळी त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता, आणि लपायला आता कानही उरला नव्हता.